तुर्भे–ठाणे फेऱ्यांसाठी वापरलेला डिझेल टेम्पो: जुना इंधन पंप की कॉमन रेल?

तुर्भ्याच्या बाजार समितीतून माल उचलून ठाणे-बेलापूर रस्त्याने कळवा, ठाणे आणि पुढे घोडबंदरपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसाला एखादी डिझेल गाडी घ्यायची असेल, तर त्याच्यासमोर आज तीन पर्याय असतात. एक, यांत्रिक इंधन पंपाचे जुने इंजिन, ज्याला टर्बो (जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) असतो किंवा नसतो. दुसरा, बीएस ४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) काळातले कॉमन रेलचे, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारे, टर्बो इंजिन. तिसरा, १ एप्रिल २०२० नंतर विकले गेलेले बीएस ६ इंजिन. किंमत आणि गाडीचे वय यांवरूनच बहुतेक जण निर्णय घेतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: गाडीची रोजची फेरी कशी आहे आणि तिच्या टाकीत कुठले डिझेल पडणार आहे. या दोन्हींचा संबंध इंजिन डिझेल आणि हवा कशी घेते याच्याशी आहे, म्हणून तुलना तिथूनच सुरू करतो.

डिझेल इंजिन सिलिंडरमध्ये फक्त हवा ओढते. ती साधारण सोळा ते वीस पट दाबली गेली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि अशा तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच तो ठिणगीशिवाय पेट घेतो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबल्यावर हवेची वाट मोकळी होते. डिझेल इंजिनात डिझेलचे प्रमाण वाढते. हवा भरपूर असून डिझेल बेताचे मिळाले तर ताकद येत नाही, आणि डिझेल भरपूर असून हवा अपुरी पडली तर न जळलेले डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर जाते. म्हणून पंप चांगला आहे पण टर्बो थकला आहे, किंवा टर्बो नवा आहे पण डिझेल फवारणारे नोझल टपकतात, अशी गाडी अर्धी चांगली समजू नये. ती पूर्ण दुरुस्तीचीच गाडी असते.

जुन्या इंजिनातील इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक स्वतंत्र प्लंजर (दट्ट्या) आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल असते. पंपातला कॅम प्लंजर वर ढकलतो, डिझेलचा दाब वाढतो, नोझलमधील सुई स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध उचलली जाते आणि फवारा सुटतो. प्लंजरवर तिरपी खाच असते; रॅक (दातेरी पट्टी) सरकला की प्लंजर थोडा फिरतो आणि किती डिझेल जाणार ते ठरते. फेरे आवाक्याबाहेर जाऊ नयेत म्हणून गव्हर्नरमधील फिरणारी वजने रॅकला मागे ओढतात. या सगळ्यात वायर नाही, सेन्सर नाही. मात्र दाब त्या क्षणापुरता आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. कमी फेऱ्यांवर फवारा जाडसर पडतो, एकदम पेट घेतो आणि ती ओळखीची खडखड ऐकू येते.

इथे खरेदीदाराने एक फरक आवर्जून समजून घ्यावा. सगळे यांत्रिक पंप सारखे दणकट नसतात. इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, तर रोटरी पंपात एकच प्लंजर सर्व सिलिंडरना डिझेल वाटतो आणि त्याचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात. त्यामुळे डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल आले तर रोटरी पंप लवकर जाम होतो. ‘जुना पंप आहे, काहीही पचवतो’ हे वाक्य इनलाइन पंपाबद्दल बऱ्याच अंशी खरे आहे. रोटरी पंपाबद्दल ते मानू नये.

टर्बो असलेल्या जुन्या इंजिनाच्या पंपावर अनेकदा पडद्याची एक डबी असते. टर्बोचा दाब बारीक नळीने तिथे पोहोचला की ती रॅकला अधिक डिझेल देऊ देते. नळी तडकली तर गाडी चढावर मरते, आणि मग काही कारागीर ‘पंप वाढवून देतो’ म्हणून डिझेलचा स्क्रू फिरवतात. दोन दिवस पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, पण मूळ दोष तसाच राहतो, एक्झॉस्टचे (बाहेर पडणाऱ्या धुराचे) तापमान वाढते आणि पिस्टन व टर्बो दोन्हींचे आयुष्य घटते. पंपाचे सील तुटलेले दिसले तर विकणाऱ्याला पंप कधी आणि कोणत्या बेंचवर कॅलिब्रेट केला हे विचारावे.

कॉमन रेलमध्ये दाब निर्माण करणे आणि डिझेल सोडणे ही कामे वेगळी केलेली आहेत. पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, सतत दाब साठवून ठेवतो, आणि कोणत्या इंजेक्टरने (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाने) कधी व किती वेळ उघडायचे ते संगणक ठरवतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) हा दाब सुमारे ३०० बार (दाबाचे एकक) असतो आणि भाराखाली तो १,६०० बार किंवा त्याहून वर जातो. डेन्सोने १९९५ मध्ये ही पद्धत ट्रकसाठी आणली आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ द्वारे ती प्रवासी गाडीत आली. फायदा असा की कमी फेऱ्यांवरही फवारा बारीक पडतो. शिवाय मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा छोटासा पूर्वफवारा देता येतो, त्यामुळे ज्वलन हळुवार सुरू होते आणि खडखड कमी होते. ऐरोली ते कळवा गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर तास घालवणाऱ्या गाडीला हा गुण डिझेलच्या खर्चात आणि चालकाच्या थकव्यात रोज जाणवतो.

त्या गुणाची किंमत स्वच्छतेत मोजावी लागते. इंजेक्टरमधील सरकत्या भागांतली फट काही मायक्रॉनचीच असते. बारीक धूळ, पाण्याचे थेंब किंवा कॅनमधून ओतलेले गाळयुक्त डिझेल इतक्या दाबाखाली धातू खरवडते. बीएस ३ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाखांत ३५० भाग) होती, बीएस ४ मध्ये ५० झाली आणि बीएस ६ मध्ये ती १० आहे. गंधक काढताना डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते आणि ते भरून काढण्यासाठी योग्य घटक मिसळलेले असतात. त्यात कुणी रॉकेल घातले तर पहिला फटका उच्च दाबाच्या पंपाला बसतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात, दमट हवेत अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली तर आत पाणी सुटते. म्हणून फिल्टरखालच्या सेपरेटरमधले पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला काढायला हवे.

दुरुस्तीतही मोठा फरक आहे. इनलाइन पंपाने एअर धरली (डिझेलच्या वाटेत हवा अडकली) तर चालक हँड प्रायमर मारून रस्त्याच्या कडेला एअर काढू शकतो, आणि प्लंजर-नोझलचे काम करणारे जुने कारागीर ट्रकच्या अड्ड्यांभोवती अजून आहेत. कॉमन रेलला स्कॅनर लागतो, इंजेक्टर तपासायला खास यंत्र लागते, आणि बहुतेक गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावरचा कोड संगणकात भरावा लागतो. एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. जुन्या इंजिनात कोणता सिलिंडर मिस करतो हे पाहण्यासाठी चालू इंजिनाच्या पाइपचा नट सैल करण्याची सवय अनेकांना आहे. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. त्या दाबाची धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

टर्बोचे तत्त्व तिन्ही पर्यायांत एकच आहे. त्याचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. बाहेर जाणारा एक्झॉस्ट एक चक्र फिरवतो, त्याच शाफ्टवरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते, आणि वाटेत इंटरकूलर ती थंड करतो, कारण थंड हवा तेवढ्याच जागेत जास्त मावते. छोट्या इंजिनाचा टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याचा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. बेल्टवर चालणारे सुपरचार्जर आपल्याकडच्या टेम्पोंत नसल्याने त्यांचा विचार इथे नको.

आमच्या गाडीचा टर्बो एका वर्षात दोनदा बदलावा लागला. दोन्ही वेळा टर्बोच निकृष्ट म्हणून दोष दिला गेला. तिसऱ्या कारागिराने ऑइलचा पाइप काढून दाखवला, तेव्हा तो जळक्या ऑइलच्या थराने अर्धा बुजलेला निघाला. टर्बो बदलताना ऑइल पाइप, इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर यांची सफाई बिलात लिहून घ्यावी आणि घाट चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे आयडलिंगला ठेवून मग बंद करावे.

टर्बोच्या प्रकारात मात्र फरक पडतो. वेस्टगेटचा साधा टर्बो दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून देतो. रचना सोपी, पण कमी फेऱ्यांवर तो उशिरा जागा होतो. बदलत्या पाकळ्यांचा टर्बो, ज्याला व्हीजीटी म्हणतात, एक्झॉस्टची वाट अरुंद करून कमी फेऱ्यांवरही हवा दाबतो. गायमुखच्या चढावर गर्दीत थांबून भरलेली गाडी पुन्हा उचलताना हा फरक स्पष्ट कळतो. पण दिवसभर रांगत चालणाऱ्या गाडीत त्या पाकळ्यांवर काजळी बसते आणि त्या अडकतात. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनाला यातले काही बिघडण्याचा प्रश्न नाही, परंतु बोरघाटात माल घेऊन जाणाऱ्याने ते घेऊ नये.

बीएस ६ चा प्रश्न वेगळा आहे. त्यातील डीपीएफ फिल्टर काजळी अडवतो आणि ती जाळण्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते. तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली असे दर पाच किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीत ते तापमान टिकत नाही, जळण्याचे चक्र अर्धवट राहते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्यामुळे केवळ शहरातल्या वाटपासाठी डिझेल घेऊच नये, असे माझे मत आहे. ठाणे आणि नवी मुंबईत सीएनजी मिळते आणि त्या कामाला तीच गाडी योग्य ठरते. आठवड्यातून तीन-चार वेळा पुणे किंवा नाशिकची खेप असेल, तर मात्र बीएस ६ घ्यावी.

तुर्भे-ठाणे रोज, घोडबंदर अधूनमधून आणि महिन्यातून काही लांबच्या खेपा, एवढे काम असलेल्याला मी बीएस ४ चे कॉमन रेल आणि वेस्टगेटचा साधा टर्बो सुचवीन. तळोजा किंवा उरणकडे साइटवर उभी राहणारी, कॅनमधले डिझेल पिणारी आणि थोडेच किलोमीटर धावणारी गाडी हवी असेल, तर इनलाइन पंपाला आजही तोड नाही. मात्र आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तो खर्च आधीच धरावा.

बघायला सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असे विकणाऱ्याला बजावावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते, मग ते टर्बोच्या सीलमधून असो वा पिस्टनच्या रिंगमधून. आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळणे किंवा पाणी. टर्बोचा शाफ्ट हाताने आजूबाजूला किंचित हलला तर चालते, पण पुढे-मागे हललेला जाणवला तर तो टर्बो संपला समजावे. कॉमन रेलची गाडी असेल तर चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून दोन मिनिटे आयडलिंगवर चालवायला लावावी. एका बाटलीत इतरांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमले, तर तो इंजेक्टर झिजलेला आहे आणि त्याची किंमत सौद्यातून वजा करून मागावी.