‘कासा’ची स्वयंसेवा : एका वर्षानंतरचा अभिप्राय

आई-वडिलांकडून हेळसांड किंवा छळ झाल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे बहुधा दुसऱ्या कुटुंबाच्या तात्पुरत्या सांभाळात, ठेवलेल्या मुलांचे हित न्यायाधीशांसमोर मांडण्यासाठी अमेरिकेत ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अॅडव्होकेट’ म्हणजे न्यायालयाचे स्वयंसेवक प्रतिनिधी नेमले जातात. बोलताना सगळे त्यांना ‘कासा’च म्हणतात. मुलाविषयी पुरेशी माहिती समोर नसताना त्याच्या आयुष्याचा निर्णय द्यावा लागतो, ही सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांची अस्वस्थता या कामाच्या मुळाशी असून, १९७७ मध्ये तिथेच त्याची सुरुवात झाली. आमच्या काउंटीतील (जिल्ह्यासारख्या विभागातील) शाखेत मी नुकतेच एक वर्ष पूर्ण केले आहे. या कामाचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

वयाची २१ वर्षे पूर्ण असणे, पार्श्वभूमीची तपासणी, मुलाखत आणि किमान ३० तासांचे प्रशिक्षण या पायऱ्या पार केल्यावर न्यायालयात शपथ दिली जाते. प्रशिक्षणातील अहवाललेखनाचा भाग उत्तम होता. स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष या तीन गोष्टी अहवालात वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, हे तिथे आमच्या हाडीमाशी खिळवले गेले. जन्मदात्या पालकांविषयीचा भाग मात्र अगदीच तोकडा वाटला. व्यसनातून बाहेर पडणे किती काळ चालते आणि गरिबी व हेळसांड यांत फरक कसा करावा, यावर बरेच अधिक बोलायला हवे होते.

न्यायालयाच्या नेमणूकपत्रामुळे शाळा, दवाखाना आणि समुपदेशक यांच्याकडून माहिती मिळवण्याचा अधिकार मिळतो. केसवर्करकडे, म्हणजे मुलाचे प्रकरण सांभाळणाऱ्या बालकल्याण खात्याच्या कर्मचाऱ्याकडे, एकाच वेळी अनेक मुलांची प्रकरणे असतात, तर स्वयंसेवकाकडे बहुधा एक किंवा दोनच, आणि या सेवेचे सारे बळ मला याच गोष्टीत दिसले. गोपनीयतेमुळे फार काही सांगता येणार नाही, पण ओळख पटणार नाही असा एक प्रसंग सांगते. एका घरातून दुसऱ्या घरी हलवताना मुलाचा चष्मा हरवला. नव्या शाळेत त्याचे लक्ष नसल्याची तक्रार सुरू झाली. चष्म्याचा नंबर आधीच्या गावातल्या दवाखान्यात नोंदलेला होता, नव्या फॉस्टर पालकांना वाटत होते की केसवर्करने तो मागवला असेल, आणि केसवर्करचा समज असा होता की फॉस्टर पालकांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सगळी माणसे भली होती आणि मूल मात्र फळ्यावरचे न दिसता वर्गात बसत होते. हा सारा क्रम मी तारखांसह अहवालात मांडला. सुनावणीत न्यायाधीशांनी तोच परिच्छेद काढून चष्मा कधीपर्यंत मिळेल असे विचारले आणि मुदत घालून दिली. त्यानंतर शाळेतून येणाऱ्या तक्रारींचा सूर स्पष्टपणे बदलला.

याहून कितीतरी अवघड काम शिफारशीचे असते. आमच्या शाखेत स्वयंसेवक मुलाच्या हिताची शिफारस करतो आणि ती मुलाच्या इच्छेशी जुळेलच असे नाही. मुलाला घरी जायचे होते. ‘अजून नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्याची इच्छा मी त्याच्याच शब्दांत अहवालाच्या सुरुवातीला दिली, आणि माझे मत त्यापेक्षा वेगळे का आहे हे त्याला समजेल अशा रीतीने आधी सांगितले. त्याच अहवालात, दोन बस बदलून येणारी त्याची आई एकही ठरलेली भेट चुकवत नाही, हेही लिहिले. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार मूल मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिले, की काही अपवाद वगळता पालकांचे हक्क संपुष्टात आणण्याचा अर्ज राज्याला करावा लागतो. घड्याळ असे चालू असताना आईच्या प्रयत्नांची नोंद कागदावर नसणे हा मुलावरही अन्याय ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

भेटवस्तू, पैसे, स्वतःच्या घरी नेणे आणि स्वतःच्या गाडीतून फिरवणे यांना आमच्या शाखेत बंदी आहे. सुरुवातीला हे नियम कठोर वाटतात. परंतु वस्तू घेऊन येणारी आणि काही दिवसांनी दिसेनाशी होणारी मोठी माणसे या मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात, त्यामुळे दर महिन्याला नेमाने येऊन ऐकून घेणारा माणूस त्यांच्या अधिक उपयोगाचा असतो, हे मला पटले आहे.

तक्रार आहे ती शाखेच्या कारभाराविषयी. वर्षाच्या मध्यावर आमच्या पर्यवेक्षक बदलल्या, नव्यांना प्रकरणाची माहिती नीट सोपवली गेली नाही, आणि सुनावणी तोंडावर आलेली असतानाही अहवालाच्या मसुद्यावर उत्तर येत नव्हते. शिवाय स्वयंसेवकाने किमान एक वर्ष काम करावे ही अट मला अपुरी वाटते, कारण माझे प्रकरण अजून चालू आहे आणि याच टप्प्यावर माणूस बदलला तर मुलाला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागेल. मी ते संपेपर्यंत थांबणार आहे.

सुनावण्या कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत होतात, म्हणून नोकरीत तशी सवलत नसलेल्यांनी आधी वरिष्ठांशी बोलून घ्यावे. अर्ज करण्यापूर्वी एका पर्यवेक्षकाकडे किती स्वयंसेवक आहेत आणि पर्यवेक्षक बदलल्यास प्रकरण कसे सोपवले जाते, हे आपल्या काउंटीच्या शाखेला स्पष्टपणे विचारावे.