‘अकरा हजार पौंड आरामात ओढते’ म्हणून विकलेली पिकअप

ह्यूस्टनच्या आसपास आपली बरीच मंडळी आता कॅम्पिंग ट्रेलर घेऊ लागली आहेत. मुलं लहान, भारतातून आलेले आईवडील सोबत, अशा वेळी तंबूत झोपणं जमत नाही. मग ट्रेलर ओढायला पिकअप हवी, आणि ऑफिसलाही तीच न्यायची म्हणून हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपांमधल्या सर्वात हलक्या वर्गातली, हवी. या गिऱ्हाइकाला बरोबर हेरणारे जुन्या गाड्यांचे लॉट इथे आहेत. त्यातल्याच एकाने मला ‘फॅक्टरी मॅक्स टो पॅकेज’, म्हणजे जास्तीत जास्त वजन ओढण्यासाठी कारखान्यातच बसवलेला संच असलेली, म्हणून साधी गाडी विकली. ती युक्ती कशी चालते ते सविस्तर लिहितो, कारण कॉलेज स्टेशन गावातल्या एका ओळखीच्यांनाही दुसऱ्या लॉटवर जवळजवळ हेच ऐकवलं गेलं.

आधी आकड्यांचं बघू. फोर्ड एफ-150 चं 2021 चं 3.5 लिटर इकोबूस्ट मॉडेल जास्तीत जास्त 14,000 पौंड ओढतं, 2022 ची नव्या रूपातली शेव्हरोले सिल्व्हराडो 1500 डिझेल 13,300, 2019 ची हेमी इंजिनची रॅम 1500 12,750 आणि 2022 पासूनची टोयोटा टुंड्रा 12,000. हे आकडे कंपन्यांचेच आहेत, खोटे नाहीत. पण प्रत्येक आकडा एका ठराविक जुळणीचा असतो: ठराविक केबिन, ठराविक लांबीचा हौदा, ठराविक इंजिन, मागच्या अ‍ॅक्सलचं (चाकांच्या आसाचं) ठराविक गिअर गुणोत्तर आणि कारखान्यातच बसवलेलं टो पॅकेज. बाहेरून तशीच दिसणारी, त्याच नावाची, त्याच वर्षाची दुसरी गाडी चार-पाच हजार पौंडांनी कमी ओढते. लबाडीला जागा मिळते ती या फरकात.

लॉटचा मॅनेजर गोड बोलणारा होता. हिंदीत सुरुवात, मग ‘मेरी मौसी नासिक में रहती है’, मग चहा. जाहिरातीत लिहिलं होतं: फॅक्टरी मॅक्स टो, 3.73 अ‍ॅक्सल, 11,000 पौंडांच्या वर. मागच्या फळीवर तसा बिल्लाही होता. खाली हिच रिसीव्हर (ट्रेलरचा जोड, म्हणजे हिच, बसवायची लोखंडी चौकट), ट्रेलरच्या दिव्यांचं-ब्रेकचं सात पिनांचं सॉकेट, स्टिअरिंगखाली ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर. शिवाय वीस इंची चाकं, पायऱ्या, हौद्यावर कडक झाकण. ‘भाईसाब, ये तो पूरा घर खींच लेगी.’ चाचणीचं विचारलं तर म्हणाला, डेव्हिस डॅमच्या चढावर तपासलेली असते.

ही डेव्हिस डॅमची गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती पटते. अ‍ॅरिझोनात त्या धरणाजवळून वर जाणारा साडेअकरा मैलांच्या आसपासचा चढ आहे. एसएई जे2807 हे ओढण्याच्या क्षमतेचं मानक त्या चढावर बेतलेलं आहे. टोयोटाने ते 2011 च्या टुंड्रासाठी सर्वात आधी स्वीकारलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या 2015 च्या मॉडेलांपर्यंत आल्या. पण या मानकात गाडीत माणसं दोनच धरतात, प्रत्येकी 150 पौंडांची. मागच्या सीटवर पोरं नाहीत, हौद्यात जनरेटर नाही, तांदळाची पिशवी नाही, कुकर नाही. विकणारा हे कशाला सांगेल?

खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो. टायरच्या माहितीच्या पांढऱ्या-पिवळ्या पट्टीवर एक ओळ छापलेली असते: माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त कधीही नको. त्या गाडीचा पेलोड तो. नेमक्या त्या ओळीवर लॉटने आपल्या नावाचा, पुढच्या ऑइल बदलाची तारीख लिहायचा भलामोठा स्टिकर चिकटवलेला होता. बायकोने नंतर हेअर ड्रायरने गरम करून तो सोलला. खाली आकडा निघाला 1,260 पौंड. शेजारच्या दुसऱ्या पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन 6,900.

आता हिशेब बघा. आम्ही चौघं मिळून 530 पौंड. हौद्यातलं सामान 150. भार वाटून देणारी जी हिच लावतात तिचंच वजन 90. उरले 490. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भाग हिचवर पडावा लागतो. त्याहून कमी पडला तर ट्रेलर शेपटासारखा डोलायला लागतो. आमचा ट्रेलर भरल्यावर 7,200 पौंडांचा. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 900. जागा 490 ची. उलटं मोजलं तर आमच्या कुटुंबासकट त्या गाडीला चार हजार पौंडांच्या आतला ट्रेलर झेपत होता. ‘अकरा हजार’ गेले कुठे?

ट्रेलर विकणाऱ्यांचाही यात हात असतो. त्यांच्या पाटीवर ‘ड्राय वेट’ ठळक असतं, आमच्याकडे ते 5,900 होतं. त्यात पाणी, गॅसचे सिलिंडर, भांडी, अंथरुणं काही नाही. पाणी एका गॅलनला 8.3 पौंड, चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंड तिथेच वाढले. बघायचा आकडा ट्रेलरच्या कमाल भारलेल्या वजनाचा, तो त्याच्या डाव्या बाजूला पुढे छोट्या पट्टीवर असतो. आमच्या ट्रेलरवर 7,600 होता.

गारनर स्टेट पार्कला निघालो तेव्हाच गाडीचं बूड बसलं होतं. आय-10 वर मोठा ट्रक शेजारून गेला की आधी ट्रेलर, मग आमची पिकअप त्याच्याकडे ओढली जायची, आणि स्टिअरिंग हातात हलकं लागायचं. सॅन अँटोनियोच्या अलीकडे एका ट्रकस्टॉपवर कॅट स्केलवर गाडी चढवली. अठरा चाकी ट्रकवाले वापरतात तोच काटा. पंधरा डॉलरच्या आसपास देऊन कुणालाही वजन करता येतं आणि प्रत्येक भागाचं वेगळं वजन छापून मिळतं. पुढच्या चाकांवर 3,140, मागच्यांवर 4,150, ट्रेलरच्या चाकांवर 6,450. पिकअपचं एकूण 7,290, म्हणजे मर्यादेच्या 390 पौंड वर. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 3,900, तीही ओलांडलेली. ट्रेलर तिथल्याच जवळच्या एका आरव्ही पार्कमध्ये ठेवला आणि मुलांची समजूत काढत परत आलो.

मग गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी गाडी कारखान्यातून निघताना काय काय बसवलं होतं त्याची यादी पाठवली. टो पॅकेज त्यात नव्हतंच. अ‍ॅक्सल 3.73 चा नव्हता, 3.2 च्या घरातला होता, म्हणजे हायवेवर पेट्रोल वाचवायला ठीक आणि ओढायला कमजोर. कंपनीच्याच टोइंग पुस्तिकेत त्या जुळणीचा आकडा आठ हजारांच्या आसपास निघाला. रिसीव्हर, सॉकेट आणि कंट्रोलर लॉटने बाहेरून बसवले होते; बिल्ला तर ऑनलाइन मिळतो. कारखान्याच्या पॅकेजमध्ये हिचबरोबर वेगळं अ‍ॅक्सल गुणोत्तर, जास्त थंड करणारी यंत्रणा, काही गाड्यांत वेगळे स्प्रिंग असं बरंच काही येतं. लोखंडी चौकट बोल्टने कसली म्हणून त्यातलं काहीच येत नाही. आणि या चौकटीचे बिलात वेगळे 1,895 डॉलर लावले होते, ‘टो पॅकेज’ याच नावाने. मोठी चाकं, पायऱ्या, झाकण ही दिखाऊ भर पेलोडमधूनच वजा होते. म्हणजे गाडी जितकी रुबाबदार दिसत होती तितकी ती कमी वाहत होती.

लॉटच्या मालकाला भेटलो. पहिलं उत्तर: तुमचा ट्रेलर जड आहे. दुसरं: जाहिरात चुकून दुसऱ्या गाडीची लागली असेल. मौसीवाला मॅनेजर ‘सुट्टीवर’. तोपर्यंत जाहिरात साइटवरून गायब. मग काचेवरच्या बायर्स गाइडचा, म्हणजे जुन्या गाडीवर लावायच्या सरकारी नमुन्याचा, कागद पुढे सरकवला. ‘अ‍ॅज इज’ च्या चौकोनात खूण. त्याच कागदावर छापलेलं असतं की तोंडी आश्वासनं अमलात आणणं कठीण, सगळं लेखी मागा. सरकारने गिऱ्हाइकाला सावध करायला छापलेली ओळ तो स्वतःची ढाल म्हणून वाचून दाखवत होता! आणि तीन दिवसांत गाडी परत करता येते हा आपल्याकडे पसरलेला समज सोडून द्या. डीलरच्या कायमच्या जागेवर घेतलेल्या गाडीला तो केंद्रीय नियम लागूच नाही.

आमच्या हातात दोन गोष्टी होत्या म्हणून निभावलं. जाहिरातीचे स्क्रीनशॉट बायकोने आधीच काढून ठेवले होते. आणि मॅनेजरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं: फॅक्टरी मॅक्स टो, 3.73, 11 हजार, नो प्रॉब्लेम. ‘अ‍ॅज इज’ म्हणजे वॉरंटी नाही इतकंच. खोटं वर्णन करून विकायचा परवाना त्यातून मिळत नाही. टेक्ससमध्ये फसव्या व्यापारी पद्धतींविरुद्धचा डीटीपीए कायदा आहे. दावा लावण्याआधी किमान 60 दिवस लेखी नोटीस द्यावी लागते. ती सर्टिफाइड पोस्टाने धाडली, सोबत कारखान्याची यादी, काट्याची पावती, स्क्रीनशॉट. डीलरचा परवाना टेक्ससचं मोटार वाहन खातं देतं, तिकडेही तक्रार नोंदवली. 20,000 डॉलरपर्यंतचा दावा जस्टिस कोर्टात वकिलाशिवाय लावता येतो, हेही नोटिशीत लिहिलं. त्यानंतर मालकाचा आवाज बराच मऊ झाला.

ज्यांना या आठवड्यातच गाडी बघायला जायचंय त्यांनी दाराच्या खांबाचा फोटो आधी मागवावा. ‘तिथे ऊन पडतंय, नीट दिसत नाही, या तर खरं’ असं उत्तर आलं तर पेट्रोल जाळू नये. फोटो आला की व्हीआयएन टाकून कारखान्याची यादी काढा; फोर्ड, जीएम, रॅम, टोयोटा कुठलीही असो, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर त्यावरून कळतं. मॉडेलचं नाव आणि इंजिन विचारून उपयोग नाही. पेलोडमधून आपल्या घरच्यांचं वजन वजा करा, खरं, अंदाजे नव्हे; हौद्यातलं सामान आणि हिचही वजा करा. उरेल त्याला 0.13 ने भागा, ट्रेलर केवढा घ्यायचा ते कळेल. आणि विकणारा जे बोलेल ते ‘जरा मेसेज करून ठेवा ना, बायकोला दाखवायचंय’ म्हणून लिहून घ्या. खरं विकणारा लगेच लिहितो.

आमचा निकाल असा: ‘टो पॅकेज’चे 1,895 डॉलर परत मिळाले आणि वर थोडी रक्कम. गाडी परत घ्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. लॉटचं नाव कुठे जाहीर करायचं नाही अशी अट तडजोडीच्या कागदावर आहे, म्हणून कृपया नाव विचारू नका. ट्रेलर घाईत विकावा लागला, त्यात गेलेले पैसे कुणी भरून दिले नाहीत.