मियाटाचं इंजिन: आहे तेच बांधायचं की दुसरं आणून बसवायचं?

मावसभाऊ न्यू जर्सीत असतो, त्याची 1990 ची माझदा मियाटा गाडी निळा धूर मारायला (म्हणजे ऑइल जाळायला) लागलीये आणि तो रोज विचारतोय की इंजिन बांधू का भंगारातून दुसरं आणू.

खर्चात भंगारातलं जुनं इंजिनच जिंकतं. बांधायचं म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, वर बोअर आणि हेडचं मशीनिंग, आणि एकदा खोललं की "आता हेही बदलून टाकू" सुरू होतं, बजेट तिथेच बोंबलतं. गाडी विकताना ते पैसे निघत नाहीत.

टिकण्याचं उलटं. भंगारातलं इंजिन म्हणजे झाकली मूठ, निदान कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघून घे बाबा. त्यात 1990 ते 91 च्या मध्यापर्यंतच्या 1.6 लिटर इंजिनात क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड, पुली अडकवणाऱ्या चावीची खाच झिजून पुली डगमगते, तसलंच परत आणलंस तर झालंच! (तुझ्याचीही आधी तीच बघ.) 1994 पासूनचं 1.8 लिटरचं चालेल, पण वायरिंगचे उद्योग वाढतात.

मेहनत? बदली दोन-तीन वीकेंडची, बांधणीत महिने जातात. पण स्वतः बांधलेलं पहिल्या सेल्फला धडधडलं की जे वाटतं ना, ते भंगारातल्या इंजिनात नाही.

रोज हीच गाडी ऑफिसला न्यायची असेल तर बदल. दारात दुसरी असेल आणि हात काळे करायची हौस असेल तर बांध.