सेमिनारला रेव्ह घ्यावा की सीटीई?

एम.एस. युनिव्हर्सिटीत एम.एस्सी. करणारी भाची रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली ती हाच प्रश्न घेऊन. "मावशी, एचआयव्हीचा रेव्ह घेऊ की माकडाच्या विषाणूचा सीटीई? सोमवारी नाव द्यायचंय." विषाणूचा आरएनए पेशीच्या केंद्रकाबाहेर कसा पडतो, त्याच्या या दोन वाटा. तिला सांगितलं तेच इथे लिहिते.

अडचण दोन्ही विषाणूंची एकच. ज्यात इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी सहसा कापून टाकला जाणारा भाग) शिल्लक आहे असा आरएनए पेशी केंद्रकाबाहेर सहसा सोडत नाही. रेट्रोव्हायरसला (हे दोन्ही विषाणू त्याच गटातले) मात्र तोच अख्खा, न कापलेला आरएनए बाहेर हवा असतो. नव्या विषाणूचा जीनोम तोच, आणि गॅग-पोल ही विषाणूची प्रथिनंही त्याच्यावरूनच बनतात.

एचआयव्ही यासाठी स्वतःचं प्रथिन बनवतो: रेव्ह, ११६ अमिनो आम्लांचं. आरएनएच्या आरआरई नावाच्या वळणदार भागावर (सुमारे ३५० न्यूक्लिओटाइड) रेव्हचे अनेक रेणू बसतात आणि सीआरएम१ या वाहक प्रथिनामार्फत बाहेर पडतात. मी लग्नपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने नॉर्दर्न ब्लॉट (आरएनए लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवणारी चाचणी) काढून दाखवला. रेव्ह असेल तर पेशीद्रवाच्या, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या, रकान्यात ९, ४ आणि २ किलोबेसच्या तीन पट्ट्या दिसतात: न कापलेला, अर्धवट कापलेला आणि पूर्ण कापलेला आरएनए. रेव्ह बिघडवला की वरच्या दोन जवळजवळ नाहीशा होतात, खालची राहते. एवढा स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. शिवाय औषधांकडे जायचं असेल तर रेव्हच बरा: लेप्टोमायसिन बी सीआरएम१ला अडवतं, आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं सेलिनेक्सॉरही त्यालाच अडवतं.

मेसन-फायझर माकड विषाणूकडे रेव्हसारखं प्रथिनच नाही. त्याच्या आरएनएतला सीटीई हा तुकडा पेशीच्या एनएक्सएफ१ प्रथिनाला थेट धरतो. हे १९९८ मध्ये समजलं, आणि पेशीचे बहुतेक एमआरएनए (प्रथिनाचा संदेश नेणारे आरएनए) याच एनएक्सएफ१वरून जातात हे त्यातूनच उलगडत गेलं. फरक एवढाच की पेशीच्या एमआरएनएला एनएक्सएफ१पर्यंत पोहोचायला मधली प्रथिनं लागतात, आणि त्यातली बरीचशी इंट्रॉनच्या कापाकापीच्या वेळीच त्याच्यावर चढतात. सीटीई त्या साऱ्यांना वगळतो.

माझं मत सीटीईकडे झुकतं, ते बेडकाच्या अंडपेशींवरच्या प्रयोगांमुळे. रेव्हचा निर्यात-संकेत (सीआरएम१ला धरणारा तुकडा) केंद्रकात भरमसाट घातला तर ५एस आरआरएनए (रायबोसोमचा एक आरएनए) अडकतो, पण एमआरएनए सुखरूप बाहेर येतो. सीटीई भरमसाट घातला तर मात्र एमआरएनएच अडकतो. म्हणजे पेशीचा राजमार्ग सीटीईने दाखवला, रेव्हने शेजारचा. वीस मिनिटांत हे दोन प्रयोग समोरासमोर ठेवले तरी सेमिनार उभा राहतो.

त्यात २००६ चा शोध जरूर घालायचा: माणसाच्या एनएक्सएफ१ जनुकाच्या दहाव्या इंट्रॉनमध्ये तसाच सीटीई सापडला, आणि तो इंट्रॉन राखलेला आरएनए त्याच्या बळावर बाहेर जातो. हे ऐकल्यावर भाचीने पत्रिका माझ्या हातातून घेतली आणि पट्ट्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सीटीई".