मे महिन्यातील गोठणारी रात्र आणि विजेवर गरम राहणारी पाण्याची नळी

कोलोरॅडोत राहणाऱ्या, स्वतःचा कॅम्पर (सहलीला न्यायचे चाकांवरचे घर) असलेल्या आणि एप्रिलअखेर तो बाहेर काढण्याची घाई झालेल्या कुटुंबांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू आहे पिण्याच्या पाण्याची, विजेवर गरम राहणारी 25 फुटी नळी. अशा नळ्या तीन-चार कंपन्या विकतात आणि त्यांची रचना जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे मी कंपनीविषयी न लिहिता या प्रकाराविषयी लिहितो. आमची नळी सव्वाशे डॉलरला पडली आणि तीन वसंत ऋतू आम्ही ती वापरली. नळी चांगली आहे, पण ती फक्त स्वतःतले पाणी वाचवते. कॅम्परच्या आतले पाणी वाचवणे हे तिचे काम नाही, आणि बहुतेकांचे नुकसान आतच होते.

आमचेही तिथेच झाले. 19 मे 2022 रोजी डेन्व्हरमध्ये कडक ऊन होते, आणि 20-21 मेच्या रात्री बर्फ पडला. डोंगराळ भागात तर तो काही ठिकाणी फूटभराहून अधिक होता. त्या शुक्रवारी आम्ही एस्टेस पार्कजवळ, साडेसात हजार फुटांवर, साध्या पांढऱ्या नळीने कॅम्पर तिथल्या पाण्याच्या नळाला जोडून मुक्कामाला होतो. प्रोपेन वाचवावा म्हणून कॅम्पर गरम ठेवणारी गॅसची भट्टी बंद ठेवून विजेचा छोटा हीटर लावला होता. सकाळी आत अंग शेकेल इतकी ऊब होती, बाहेर मात्र नळी काठीसारखी ताठ झाली होती. दुपारपर्यंत ती मोकळी झाली, नळाला पाणी आले आणि आमच्या जिवात जीव आला. खरे नुकसान पुढच्या सहलीत कळले. टाकीतले पाणी वापरायला पंप सुरू केला, तर तो नुसता घरघरत राहिला आणि तोटीतून पाण्याबरोबर हवा फुसफुसू लागली. पलंगाखालची फळी काढून पाहिले. पंपाच्या तोंडाशी गाळणीची जी पारदर्शक वाटी असते, तिला तळापासून आट्यांपर्यंत केसासारखी बारीक चीर गेली होती. बोट फिरवले तरच ती जाणवत होती.

याचे कारण नीट समजून घ्यावे. पाणी गोठताना आकाराने सुमारे 9 टक्के वाढते. कॅम्परमधले पेक्सचे (एक प्रकारच्या लवचीक प्लास्टिकचे) पाइप थोडा ताण सहन करतात. पण गाळणीची वाटी, प्लास्टिकचे सांधे, शौचकुपाची झडप आणि बाहेरच्या शॉवरची तोटी यांच्यात ती लवचिकता नसते. चार ऋतूंचे म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कॅम्परमध्ये भट्टीची थोडी गरम हवा डक्टमधून जमिनीखालच्या पोकळीत सोडलेली असते आणि टाक्या व पाइप त्या हवेवरच उबदार राहतात. विजेच्या हीटरने खोली गरम झाली की थर्मोस्टॅट भट्टी सुरूच होऊ देत नाही. माणसे उबेत झोपतात आणि खालचे पाइप गारठत राहतात. दोन-चार डॉलरचा प्रोपेन वाचवण्याच्या नादात आम्ही हेच केले होते. म्हणून ही नळी घेणाऱ्याने पहिल्या रात्रीपासून भट्टी चालू ठेवावी, पलंगाखालच्या आणि सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, आणि सांडपाण्याच्या टाकीची झडप बंद ठेवावी. ती उघडी राहिली, तर थेंबथेंब जाणारे पाणी बाहेरच्या जाड नळीत थरावर थर गोठत जाते.

आता नळीविषयी. तिच्या अंगातून एक तापणारी तार जाते, वर उष्णतारोधक आवरण असते आणि एका टोकाला थर्मोस्टॅट व विजेचा प्लग असतो. हवा गोठणबिंदूच्या जवळ आली की थर्मोस्टॅट आपोआप वीज सुरू करतो. दुसऱ्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री पारा 26 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 3 सेल्सियसच्या खाली उतरला होता. पहाटे साडेपाचला मी बाहेर आलो तेव्हा बाकावर, गवतावर, गाडीच्या काचेवर पांढरा थर होता आणि नळीच्या दोन्ही बाजूंना मात्र चार बोटे रुंदीची ओली, हिरवी पट्टी दिसत होती. आत तोटी सोडली, तर पहिल्याच क्षणी पूर्ण धार आली. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देतो.

स्वच्छ आकाशाच्या रात्री तिची किंमत विशेष कळते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दरवर्षी दव गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि त्याच बातमीत तापमान चार-पाच अंश सेल्सियस दिलेले असते. हवेचे तापमान शून्याच्या वर असते. गवत, जेटीच्या फळ्या आणि गाड्यांचे टप मात्र उघड्या आकाशाला आपली उष्णता देऊन त्याहून थंड होतात. जमिनीवर पडलेल्या नळीचेही तसेच होते. शिवाय अंदाज शहराचा असतो आणि मुक्काम दरीच्या तळाशी, जिथे रात्री थंड हवा साचते. म्हणून अंदाज 36 फॅरनहाइटचा, म्हणजे 2 अंश सेल्सियसचा असला, तरी आम्ही नळीचा प्लग लावतोच.

दोष आहेत, आणि त्यांतला पहिला मोठा आहे. नळी गरम असली तरी कॅम्पग्राउंडचा नळ गरम नसतो. थंड प्रदेशातल्या या नळांची झडप जमिनीखाली खोलवर असते. दांडा खाली करून नळी काढली की उभ्या पाइपातले पाणी तळाच्या छिद्रातून जमिनीत मुरते आणि नळ सुरक्षित राहतो. गरम नळी रात्रभर जोडून ठेवायची म्हणजे नळ उघडा ठेवावा लागतो, आणि तो उभा पाइप पाण्याने भरलेलाच राहतो. त्यातच आपला पितळी दाबनियंत्रक त्या टोकाला उघडा लटकत असतो. आम्ही दोन्हींवर फोमचे आवरण चढवून वरून घट्ट पट्टी गुंडाळतो. साधारण थंडीला तेवढे पुरते, पण फार कडक रात्री त्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरा दोष विजेचा. पावसात प्लगचा जोड भिजला की कॅम्पग्राउंडच्या खांबावरचे जीएफसीआय सॉकेट (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे) खटका पाडते आणि नळी निमूटपणे थंड होत जाते. आमच्या नळीवर वीज चालू असल्याचा दिवासुद्धा नाही, ही मला गंभीर उणीव वाटते. वसंतातल्या बर्फात तर वीजच जाण्याची शक्यता असते. मेमध्ये झाडांना पालवी फुटलेली असते, ओला जड बर्फ पानांवर साचतो, फांद्या तारांवर कोसळतात. 2022 च्या त्या वादळात कित्येक ठिकाणी असेच झाले. ज्या रात्री नळीची गरज सर्वांत जास्त, त्याच रात्री ती निरुपयोगी ठरू शकते.

म्हणून हिमवादळाचा इशारा असेल तेव्हा आम्ही नळी वापरतच नाही. संध्याकाळी स्वच्छ पाण्याची टाकी भरून घेतो, नळ बंद करतो, नळी काढून उतारावर धरून रिकामी करतो आणि रात्रभर पंपावर काम चालवतो. टाकी आतल्या भागात असल्यास हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि वर्षातून एखाद-दुसऱ्याच थंड रात्री बाहेर राहणाऱ्यांनी ही नळी न घेता एवढेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन सहलींच्या मध्ये कॅम्पर दारात रिकामा उभा असेल, तर नळीचा प्रश्नच येत नाही. तळाच्या निचऱ्याच्या तोट्या उघडाव्यात, वॉटर हीटर थंड झाल्यावर रिकामा करावा आणि 50 पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आत दाब ठेवून हवेने पाइप फुंकून काढावेत. बाहेरच्या शॉवरच्या दोन्ही तोट्या तेव्हा उघडायला विसरू नये. पातळ दाराच्या त्या खोबणीत बहुधा सर्वांत आधी गोठते.

लांबीविषयी एक सूचना. आमच्या बहुतेक मुक्कामांत नळ कॅम्परपासून दहा फुटांच्या आत असतो आणि उरलेल्या नळीचे काय करावे, हा प्रश्न दर वेळी पडतो. ही नळी वेटोळे करून ठेवता येत नाही. एकावर एक आलेले भाग जास्त तापतात आणि माहितीपत्रकातही तशी सक्त ताकीद आहे. थंडीत ती इतकी ताठ होते की मोठा नागमोडी आकार देऊन पसरायला दोन माणसे लागतात. बाजारात 12 फुटीही मिळते. आपल्या कॅम्परच्या पाण्याच्या तोंडापासून नेहमीच्या नळापर्यंतचे अंतर आधी दोरीने मोजावे. आमची नळी निकामी झाली की आम्ही 12 फुटीच घेणार आहोत.