स्वस्त संच की मागणीची वही? गावच्या वाचनालयाची खरेदी

बेळगाव तालुक्यातल्या बाचीची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत पाऊल टाकलं की महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदा लागतो. तिथं मान्यता मिळालेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान असतं. अलीकडच्या बाजूला कर्नाटकाचा १९६५ चा कायदा. घरपट्टीच्या रुपयामागे ६ पैसे ग्रंथालय उपकर आपणही भरतो, पण तो सरकारी ग्रंथालयांकडे जातो. मंडळानं चालवलेल्या मराठी वाचनालयाचा गाडा वर्गणी आणि देणगीवर. त्यामुळे खरेदी चुकली तर भुर्दंड आपल्यालाच.

नव्या समितीपुढे बहुधा दोन वाटा येतात. एक, प्रकाशकाचा घसघशीत सवलतीचा संच. दुसरी, टेबलावर वही ठेवायची, वाचक लिहितील ती पुस्तकं बेळगावच्या दुकानातून सुटी आणायची; तिथं सवलत जेमतेम.

समजा हातात ५,५०० रुपये आहेत. छापील १०,००० चा, ४० पुस्तकांचा संच तेवढ्यात बसला. म्हणजे पुस्तक पडलं १३७.५० रुपयांना. त्यातली १२ पुस्तकं फिरली, प्रत्येक ५ वेळा, तर ६० देवघेवी. एका वाचनाला सुमारे ९२ रुपये. त्याच पैशात वहीतली ३५० रुपयांची पुस्तकं १० टक्के सवलतीनं १७ येतील. प्रत्येक १५ जणांनी नेलं तर एक वाचन २१ रुपयांना. किंमत पुस्तकावर छापलेली असते, खर्च मात्र देवघेवीच्या रजिस्टरात दिसतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. आम्हीही एकदा असा संच घेतला होता. निम्मी पुस्तकं अजून शिक्का मारल्या दिवशीइतकी कोरी आहेत, आणि कपाट मात्र नवं घ्यावं लागलं.

तरी संच अगदीच टाकाऊ नाही. बालवाचनालय नव्यानं उभं करायचं असेल तर घ्या. मुलं लेखकाचं नाव बघून पुस्तक उचलत नाहीत, चित्रं बघून उचलतात. आणि फाटणारच असेल तर स्वस्तातलं फाटलेलं बरं.

वहीचीही खोड आहे. रोज येणारे तिघे-चौघेच पानं भरतात. दुपारी घाईत येऊन कादंबरी बदलून नेणाऱ्या बायका काही लिहीत नाहीत. त्यांना ग्रंथपालानं विचारायचं आणि स्वतः लिहायचं. एकाच माणसाच्या पाच मागण्या असतील तर एक मान्य करा. दिवाळी अंकांचा हिशेब वेगळा ठेवा. ते चार-सहा महिने धावतात, मग थंडावतात.

अवघड प्रश्न पुढचा आहे. तरुण पोरं येतात ती स्पर्धा परीक्षेसाठी, आणि मागतात कन्नड पुस्तकं. मराठी वाचनालयाचा पैसा त्यावर का, असं बैठकीत कुणी तरी म्हणणारच. माझं मत, घ्यावीत. तो पोरगा आपल्याच गल्लीतला आहे. पण ही पुस्तकं वर्षा-दोन वर्षांत जुनी होतात, म्हणून एकेकच प्रत घ्यायची आणि ती घरी द्यायची नाही, तिथंच बसून वाचायची.

माझ्या हातात असतं तर रुपयातले बारा आणे वहीला दिले असते. उरलेल्यातून आधी बाइंडिंग, कारण सर्वांत जास्त फिरलेली पुस्तकंच आधी खिळखिळी होतात.