घराच्या राखणीला ३०-३० ची विंचेस्टर ठेवावी का? आमच्या मळ्यावरचा अनुभव

आमच्या घरात तीन हत्यारं होती. आज्ज्याच्या काळातली लिव्हरवाली (घोड्याखालची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची) विंचेस्टर मॉडेल ९४ रायफल, बोअर ३०-३०. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, त्यावरनं काडतूस ठरतं. एक सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची ३१५ रायफल. आणि एक डबल बॅरल बारा बोअर, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक. २०१९ ला कायदा बदलला, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येणार, तिसरं वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करायचं. आबांनी सत्तरी ओलांडलेली आणि परवाना माझ्या नावावर करायचं तेव्हा चाललंच होतं, त्यामुळं काय ठेवायचं काय द्यायचं हे ठरवणं माझ्याच अंगावर आलं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी रोडला आमचा मळा, जवळचं घर अर्धा किलोमीटरवर, घरात आई-आबा, मी आणि माझा पोरगा. म्हणजे घराच्या राखणीला कुठला बोअर चांगला हा आमच्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता.

आधी विंचेस्टरबद्दल, कारण जीव तिच्यातच अडकलाय. जॉन ब्राउनिंगनं १८९४ साली काढलेलं डिझाईन, अशा ७० लाखांच्या वर रायफली बनल्यात. आमच्या बंदुकीचं निळं पॉलिश जिथं हात धरतो तिथं उडून लोखंड जांभळट-तपकिरी पडलंय, बटावर आज्ज्याच्या जीपच्या फाळक्याचा एक ओरखडा आहे. काडतुसं उजव्या बाजूच्या फटीतनं एकेक आत ढकलायची, ती नळीखालच्या लांब ट्यूबमधे एकामागं एक बसतात, आणि शेवटचं ढकलताना ती स्प्रिंगची पट्टी अंगठ्याच्या नखाखाली अशी चावते की डोळ्यात पाणी येतं. लिव्हर मात्र काय सुंदर चालते. खाली, वर, खट-खटाक, खांद्यावरनं बंदूक हलवायची गरज नाही. बारकी, चपटी, सात पौंडांच्या आत वजन, माझ्यासारख्या सव्वापाच फुटी बाईला एकदम हातातली. हत्यार म्हणून मी तिला दहापैकी दहा देते.

पण आपण हत्यार नाही, बोअर निवडतोय.

३०-३० हे नाव असं पडलं की ३० कॅलिबर (गोळीची जाडी, इंचाचे तीस शतांश) आणि ३० ग्रेन (वजनाचं बारीक माप) बिनधुराची दारू. १८९५ सालचं काडतूस, अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २४०० फुटांच्या आसपास जाते. रायफलवाले याला मध्यम ताकदीचं म्हणतात आणि रानात ते खरंच आहे, पण घरात उभं राहून विचार करा की हरणाच्या आरपार जायला केलेली गोळी चुकली तर ती कुठं जाऊन थांबणार. आमचं पुढचं घर नऊ इंची विटेचं, ठीक आहे. मागचा सोपा जुना, दार सागवानी फळ्यांचं, परड्यात पत्र्याचा गोठा. आणि गोठ्याच्या पलीकडं साठ-सत्तर पावलांवर दर हंगामाला ऊसतोड टोळीच्या कोप्या पडतात. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, आत बारकी पोरं झोपलेली असतात, बाया पहाटे तीनला चूल पेटवतात. मी एका रात्री मुद्दाम सोप्यात उभी राहिले, दाराकडं तोंड करून, आणि दाराच्या पाठीमागं सरळ रेषेत त्या कोप्यांमधला कंदील दिसत होता. त्या रात्रीच माझ्या मनातनं रायफल उतरली, मग ती ३०-३० असो नाहीतर ३१५.

माझा आतेभाऊ वीस वर्षं झाली टेक्सासला असतो, तिथं लोक घरासाठी लिव्हर रायफल घ्यायची म्हटलं की यावरच तासन् तास बोलतात म्हणे. त्याच्याकडं ३५७ मॅग्नमची आहे. मी ती चालवलेली नाही, त्याचं ऐकून सांगते. तो म्हणाला, ‘ताई, ३०-३० घरात नकोच, ३५७ बघ.’ त्याचं म्हणणं तसं बरोबर आहे. हे मुळात रिव्हॉल्वरचं काडतूस, १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्वरमधनं साधारण १२५० फुटांनी जाते तीच रायफलच्या लांब नळीतनं १८०० च्या आसपास, धक्का हलका, ट्यूबमधे दहा काडतुसं बसतात, आणि त्याच बंदुकीत ३८ स्पेशलची सौम्य काडतुसं पण चालतात म्हणजे घरातल्या बाईमाणसाला त्यावर हात बसवता येतो. ४५-७० बद्दल त्यानं हातच जोडले, ते १८७३ चं अमेरिकन फौजेचं काडतूस, ४०५ ग्रेनची गोळी, अस्वलाला ठीक. त्यानंच सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवा, ट्यूबवाल्या लिव्हरमधे टोकदार गोळी घालायची नसते, कारण मागच्या काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाच्या दारू पेटवणाऱ्या टोपीला टेकलेलं असतं आणि धक्क्यानं ट्यूबमधेच उडायची भीती. म्हणून ३०-३० च्या गोळ्या पुढनं चपट्या असतात. आता मऊ प्लॅस्टिकच्या टोकाच्या निघाल्यात तिकडं.

पण त्याचं घर लाकडी सांगाडा आणि अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या पाट्यांचं, तिथं रिव्हॉल्वरची गोळी सुद्धा चार-चार भिंतींतनं जाते हे त्यानंच कबूल केलं. आणि मुख्य म्हणजे तो दुकानात जाऊन हवी ती काडतुसं पेटीनं आणतो. आपल्याकडं साध्या माणसाला बाहेरनं हत्यार मागवायचा रस्ता १९८० च्या दशकातच बंद झाला, आणि ३०-३० ची काडतुसं इथं कोण बनवत नाही. आमच्याकडं मोजून सतरा होती, पितळ काळं पडलेलं. आबांनी मागं तपासायला सहा वाजवली त्यातली दोन वाजलीच नाहीत, आणि एक घोडा पडल्यावर क्षणभर थांबून वाजलं. ते थांबणं मी बघितलंय. सगळ्यांचा श्वास अडकला होता. उरली अकरा. अकरा काडतुसांत सराव करायचा का ती राखून ठेवायची? ज्या बंदुकीवर वर्षातनं चार वेळा हात फिरवता येत नाही तिच्या भरवशावर रात्री दार उघडायला मी तयार नाही.

३१५ ला तो प्रश्न नाही, तिचं काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्यात होतं. ३०३ फौजेचा बोअर म्हणून लोकांना मनाई, तेव्हा त्याच्याऐवजी ही ८ एमएम आली, २४४ ग्रेनची जाडजूड गोळी. मजबूत आहे, बोल्टची (खिट्टी मागंपुढं ओढून भरायची) आहे, पण लांबलचक, सोप्याच्या दारातनं वळताना चौकटीला नळी आपटते. डुकरं उसात घुसली की आवाज काढायला आबांना बरी वाटते. घरात अजिबात नको.

मग उरली बारा बोअर, आणि मला वाटतं आपल्याकडं मळ्यात राहणाऱ्या माणसाला शेवटी हीच घ्यावी लागते. एकतर काडतुसं मिळतात. दुसरं म्हणजे छर्रा निवडता येतो, तो लिव्हर रायफलमधे निवडता येत नाही. लोक घरासाठी एलजी नाहीतर एसजी मागतात, मोठे दाणे, त्यांची मार लांब. मी चार नंबर घेतला. खोलीच्या अंतरावर तो घट्ट जातो, आणि पुढं बारीक दाण्यांचा जोर झपाट्यानं कमी होतो. कोप्यांच्या दिशेला तरीही नळी करायची नाही हे घरात ठरलेलं आहे, आई-आबा कुठल्या खोलीत थांबणार आणि मी कुठल्या कोपऱ्यात उभी राहणार ते पण ठरलंय. धक्का जबरदस्त आहे, पहिल्या दिवशी खांदा निळा पडला, बट नीट दाबून धरायला शिकायला महिना गेला. दोनच बार. तिसरा लागला तर नळी मोडून भरायची, अंधारात हे डोळे मिटून जमेपर्यंत मी बिनदारूच्या काडतुसांवर रोज रात्री पंधरा मिनिटं केलं.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधे ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या भागात पोरंपोरी रायफलच्या मागं लागलीत, तो आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याआधी कोल्हापूरचीच नेमबाज तेजस्विनी सावंत, २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन. कुणी मला विचारलं की घराच्या राखणीला कुठली घेऊ, तर मी आधी विचारते रेंजवर कधी गेलायस का. ती लोकं ज्या पॉइंट बावीस बोअरच्या बारक्या रायफलीवर मेडलं आणतात त्याची काडतुसं पण हजारोंनी वाजवलेली असतात.

आणि कायदा वाचा. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ कलमं स्वसंरक्षणाची, आपल्या वकिलाकडनं समजून घ्या, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणाला नाही. मोटार चोरून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी घालणं म्हणजे राखण नव्हे. हत्यार रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात, चावी माझ्याकडंच, पोराला ठिकाण माहीत नाही.

विंचेस्टर दिली. डीलरनं काडतुसं मोजून घेतली, नंबर ताडून परवान्याच्या पुस्तकात नोंद केली. आबा म्हणाले, ‘तेल लावून दे गं, कोरडी देऊ नको.’ मी लावलं.

आता राहिलेली दोन पण दर निवडणुकीला आचारसंहितेत ठाण्यात जमा होतात, दीड-दोन महिने घरात काहीच नसतं. म्हणून यंदा उसाच्या बिलातनं आधी सोप्याला लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं, परड्यात दोन सोलर लाईट, आणि गोठ्यापाशी कुत्री एकाची दोन केली. नवीन कुत्री अजून बारकी आहे पण कोल्हा आला तरी सगळ्या टोळीला उठवते.